चेनचा झोळ आणि घाटाचा हिशेब

सायकलची चेन उतरली की आम्ही ठाण्याची पोरं म्हणायचो, 'गाडी रुळावरून घसरली.' १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ज्या गावात येऊन थांबली, त्या गावच्या पोरांना दुसरी उपमा कुठून सुचणार? पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की फ्रेंच माणसालाही हीच उपमा सुचली होती. चालत्या सायकलची चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणारं जे यंत्र, त्याला त्यांनी नाव दिलं डिरेलर. म्हणजे रुळावरून उतरवणारा. आमच्याकडे तो अपघात होता, त्यांनी त्याची सोय केली.

गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकापाशी, उजव्या बाजूला, एक सांगाडा लोंबत असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन छोट्या दातेरी कप्प्या बसवलेल्या असतात आणि चेन त्यांच्यामधून इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळणं घेत जाते. या भागाला केज म्हणतात, म्हणजे पिंजरा. तो आखूड मिळतो, मध्यम मिळतो, लांब मिळतो. आखडात दोन कप्प्यांमधलं अंतर पाच-सहा सेंटिमीटर, लांबात नऊच्या आसपास. फरक तीन-चार बोटांचा नाही, तीन-चार सेंटिमीटरचाच. पण यातला कोणता घ्यावा, या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचं एक भांडण आहे, आणि दोन वर्षांपूर्वी ते आमच्या घरातही येऊन गेलं.

माझा धाकटा मुलगा पहाटे उठून सायकलवर येऊरला जातो. उपवन तलाव मागे पडला की चढ लागतो. ठाण्या-मुलुंडच्या सायकलवाल्यांची ती तालीमच. त्याला कसारा घाट चढून इगतपुरी गाठायची होती. म्हणून त्याने एका दुकानात मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा गड्डा, बदलून घेतला. आधी त्यातली सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची होती, आता ३४ दात्यांची आली. मागे जितके दाते जास्त तितका चढ हलका, हे बरोबरच होतं. डिरेलर मात्र तोच ठेवला, चेनही तीच. दुकानात सांगितलं, चालून जाईल. आणि मित्रांनी आधीच शिक्का मारून ठेवला होता, की लांब केज काय, अंकल लोकांच्या सायकलींना असतो. रेसची सायकल म्हणजे आखूड केज.

दुसऱ्या दिवशी येऊरच्या सुरुवातीच्याच एका वळणावर, पुढे मोठ्या चकतीवर असताना त्याने मागेही सर्वांत मोठी चकती घेतली. चेन तेवढी लांब नव्हती. डिरेलर पुढे खेचला गेला, ज्या पातळ हँगरवर तो टांगलेला असतो तो मोडला, आणि अख्खं यंत्र चाकाच्या तारांमध्ये गेलं. कोपर आणि गुडघा सोलून, सायकल खांद्यावर घेऊन मुलगा घरी आला. मागून एखादा टेम्पो येत असता तर, हे त्याच्या अम्मीने बोलून दाखवलं. मी बोललो नाही इतकंच.

नौपाड्यात गोखले रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत एक वयस्कर मिस्त्री बसतात. तासावर भाड्याने सायकली मिळायच्या, त्या काळापासून. आम्ही बापलेक त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मोडकी वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि पोराला विचारलं, "पुढच्या दोन चकत्या किती दात्यांच्या?"

"५० आणि ३४."

"फरक?"

"१६."

"मागची मोठी आणि लहान?"

"३४ आणि ११. फरक २३."

"दोन्ही फरकांची बेरीज?"

"३९."

काकांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ३९ लिहिलं आणि त्याखाली डिरेलर किती पेलतो तो आकडा लिहिला, ३५. "बाळ, नापास," म्हणाले.

हा हिशेब मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चेनची लांबी काही कमीजास्त होत नाही. पुढे मोठी आणि मागे मोठी चकती असली की सगळी चेन दोन्ही चकत्यांना वळसे घालण्यात खर्च होते. पुढे लहान, मागे लहान असली की तीच चेन शिल्लक राहते, तिला झोळ पडतो. हा झोळ कुणीतरी पोटात घ्यायला हवा. ते काम केजचं. स्प्रिंगच्या जोरावर तो मागे वळतो आणि ढिली चेन ओढून धरतो. चेन ताणली गेली की पुढे येऊन ती सोडतो. आमच्या भिवंडीच्या मागावर ताण्याच्या सुताचा ताण सांभाळण्याची जी कटकट असते, तीच इथे आहे. सूत सैल पडलं तरी कापड बिघडतं, फार ताणलं तर तुटतं. केज जितका लांब, तितका जास्त झोळ त्याच्या पोटात मावतो. आणि किती मावतो, ते दात्यांच्या आकड्यातच सांगितलेलं असतं. शिमानो या जपानी कंपनीचा '१०५' नावाचा जो ११ गिअरचा संच २०१८ साली आला, त्यातला आखूड केज ३५ दात्यांचा फरक पेलतो, मध्यम ३९ दात्यांचा. मुलाच्या जुन्या जोडणीची बेरीज होती १६ अधिक १७, म्हणजे ३३. ती ३५ मध्ये बसत होती. नवी बसत नव्हती.

पण काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी भल्याभल्या सायकलवाल्यांच्या लक्षात येत नाही. आकडे दोन असतात. एक हा बेरजेचा, आणि दुसरा, मागची जास्तीत जास्त मोठी चकती किती चालेल याचा. हा दुसरा आकडा केजच्या लांबीपेक्षा जास्त डिरेलरच्या वरच्या भागाच्या ठेवणीवर ठरतो, वरची कप्पी चकतीच्या खाली किती उतरू शकते यावर. त्या आखूड संचात तो ३० होता, मध्यम संचात ३४. म्हणजे पोरगं दोन्ही विषयांत नापास झालं होतं. एका विषयात पास झालं म्हणून दुसऱ्यात होतंच असं नाही.

तिसरी गोष्ट चेनची. ती आधी डिरेलरमधून न नेता नुसती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीभोवती गुंडाळायची, आणि जिथे जुळते तिथून एक इंच, म्हणजे आतली-बाहेरची मिळून दोन कड्या, जास्त ठेवून तोडायची. मग कुणी केजच्या क्षमतेबाहेर गेलाच, तर लहान-लहान चकतीवर चेन लोंबेल, खडखडेल. पण मोठ्या-मोठ्यावर काही मोडणार नाही. "चूक करायचीच असेल तर सैल बाजूला करावी," काका म्हणाले. अपघात आखूड केजमुळे झाला असं मी धरून चाललो होतो. खरं पाहता हँगर मोडला तो आखूड चेनमुळे.

आता ते सव्वाशे वर्षांचं भांडण. माझे अब्बा नौपाड्यातून कोपरीचा पूल ओलांडून पूर्वेला कामाला जात, एका गिअरच्या काळ्या सायकलवर. पुलाचा चढ लागला की उतरत आणि सायकल हातात धरून चालत. पूल संपला की पुन्हा टांग मारत. सगळी माणसं तसंच करत, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. युरोपातल्या शर्यतवीरांनाही एकेकाळी चढापाशी उतरावं लागे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. चढ आला की चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, आणि पुढे निघायचं. इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलोची कथा सांगतात, की बर्फाळ घाटात बोटं गारठल्यामुळे त्याला चाकाचा नट सुटेना आणि शर्यत हातची गेली. दंतकथेत किती तेल, किती पाणी, ते सोडा; पण चाक चटकन सोडवण्याची युक्ती आणि पुढे जगातले नामांकित डिरेलर त्याच्या कारखान्यातून आले, हे खरं.

त्याच्याही आधी फ्रान्समध्ये, साँ-एतिएन या गावी, पॉल द विवी नावाचा एक गृहस्थ राहत होता. त्याने १८८७ मध्ये सायकलवर मासिक काढलं आणि 'वेलोसियो' या नावाने तो त्यात लिहू लागला. आमच्या शायर मंडळींत याला तखल्लुस म्हणतात. वेलोसियो शर्यतींचा माणूस नव्हता. डोंगरातून मजल-दरमजल हिंडणारा प्रवासी होता. त्याचं म्हणणं साधं होतं: रस्ता सपाट नाही, तर सायकलला एकच गिअर का? त्याने स्वतः सायकली बनवल्या, अनेक गिअरचे प्रयोग केले, आणि लोकांची कुचेष्टा सहन केली.

त्याच्या समोर उभा होता आंरी देग्रांज. १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' ही शर्यत ज्याने सुरू केली, तो. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये डोंगरी रस्त्यावर एक चाचणी झाली, तीत मार्थ एस नावाची एक बाई तीन गिअरची सायकल घेऊन उतरली आणि एका गिअरच्या सायकलवरचा नामांकित शर्यतवीर तिच्या मागे पडला. देग्रांजने टाळ्या वाजवल्या, पण लगेच लिहिलं, की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक; खऱ्या सायकलस्वाराने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावं, कळफिरकीच्या नव्हे. मी पन्नाशी ओलांडलेला असल्याने हे वाचताना गंमत वाटली. मुलाच्या मित्रांनी मारलेला 'अंकल' हा शिक्का मुळात १९०२ सालचा होता!

देग्रांजचं अगदीच चूक होतं असंही मी म्हणणार नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मुंबईला परतले. डिरेलर रूढ होण्याआधीच्या सायकलींवर. पायांत बळ असतं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण हे तिघे तिघेच होते. बाकीच्या माणसांनी काय करायचं, हा प्रश्न वेलोसियो विचारत होता. त्याला उत्तर मिळायच्या आतच तो गेला. १९३० मध्ये साँ-एतिएनच्या रस्त्यात, हातात सायकल धरून चालताना, ट्रामखाली. रुळांवरून चेन उतरवण्याचा आयुष्यभर प्रचार करणाऱ्याला रुळांवरच्या गाडीने गाठावं, हे एखाद्या कवितेत मी लिहिलं असतं तर संपादकांनी अतिरंजित म्हणून काढून टाकलं असतं.

तूर द फ्रान्सच्या स्पर्धकांना डिरेलरची सरसकट मुभा मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांजने सूत्रं सोडल्यावर. त्या वर्षी रॉजे लापेबी डिरेलर वापरून जिंकला. तोवर ल्यूसियाँ जुईच्या 'सिम्प्लेक्स'ला जवळपास दहा वर्षं होत आली होती आणि साधे प्रवासी गिअर बदलत मजेत घाट चढत होते. ज्यांना लोक अंकल म्हणत, त्यांनी आधी शोधलं आणि वीरांनी नंतर उचललं. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढेही तो तसाच राहिला.

केज नसला तर काय होतं, तेही या इतिहासात दिसतं. कांपान्योलोची युद्धकाळातली 'कांबिओ कोर्सा' नावाची रचना होती. तीत झोळ आवरायला केजच नव्हता. स्वार चालत्या सायकलवर पाठीमागे हात घालून एका दांडीने चाक सैल करी, दुसऱ्या दांडीने चेन सरकवी, त्यासाठी पायडल उलटं मारी, आणि चेनच्या लांबीप्रमाणे चाकच मागेपुढे सरकून पुन्हा आवळलं जाई. याच यंत्रावर जिनो बार्ताली १९४८ ची तूर द फ्रान्स जिंकला. घाटात, एका हाताने, सैल चाकावर! मी तर वाचूनच घाबरलो. १९५१ मध्ये त्याच कारखान्याचा 'ग्रान स्पोर्ट' बाजारात आला आणि आज आपण पाहतो ती दोन कप्प्यांच्या केजची ठेवण पक्की झाली. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने वरच्या भागाला तिरकस ठेवण दिली, १९८४ मध्ये शिमानोने टकटक करत एकेक घर बदलणारे गिअर आणले.

शर्यतीच्या सायकलींना त्या काळी आखूड केज पुरत असे, कारण त्यांच्या चकत्यांमध्ये फरकच थोडा होता. पुढे ५२ आणि ४२, मागे १३ ते २३ असं धरलं तर बेरीज होते २०. आखूड केज वजनाला हलका, चेन कमी हेलकावते, खड्ड्यात-दगडांत आपटत नाही. त्यात वावगं काही नाही. पण गंमत अशी की हिशेबातून आलेली ती लांबी पुढे प्रतिष्ठेची खूण झाली. दुसरीकडे सामान लादून हिंडणाऱ्या प्रवाशांनी पुढे तीन चकत्या बसवल्या, त्यांना लांब केज लागला. अमेरिकेत १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली काही पोरं जुन्या जाड सायकलींना गिअर लावून डोंगर चढू-उतरू लागली, त्यांनी हाच लांब केज घेतला. त्यातून माउंटन बाइक जन्मली. तिच्या नेहमीच्या जोडणीची बेरीज करून पाहा: पुढे ४४ ते २२, मागे ११ ते ३४, म्हणजे २२ अधिक २३, एकूण ४५. आखूड केजच्या आवाक्याबाहेरचं काम. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुढच्या चकत्या तीनाच्या दोन आणि दोनाची एक झाली, तेव्हा वाटलं केज आता आखूड होणार. पण मागची चकती तव्यासारखी वाढत ५०-५२ दात्यांवर गेली. ५२ वजा १०, म्हणजे ४२. केज होता तितकाच लांब राहिला.

यात आपल्या सह्याद्रीचा काय संबंध, असं कुणी विचारील. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याला माहीत आहे. तिचा खरा निकाल बोरघाटात लागतो. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जो पहिला वर पोचतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा शिंग्रोबा म्हणजे, लोककथेप्रमाणे, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर. त्याच डोंगरात रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट, म्हणजे आपला कसारा, पार केला. चढ ३७ फुटांना एक फूट. एकट्या इंजिनाच्याने तो निघत नाही, म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीमागे ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, ज्यांना बँकर म्हणतात. त्यासाठी गाडी थांबते तेव्हा आपण वडा खातो. दख्खनची राणी १९३० पासून धावते आहे. बँकर लावून खंडाळा चढली म्हणून तिला कुणी अंकल लोकांची गाडी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे उदाहरण मी मुलाला दिलं. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. त्याला पटलं ते दुसऱ्या कशाने. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४८०० किलोमीटरची वाट एकेकट्याने पुरी केली. तेव्हापासून आपल्याकडची पोरं लांब पल्ल्याचा विचार करू लागली आहेत, आणि लांब पल्ल्याच्या माणसाला तिसऱ्या दिवशी गुडघा शाबूत लागतो. त्यातच मुलाला कुठेतरी वाचायला मिळालं, की इटलीतल्या झोंकोलानसारख्या खड्या चढांवर व्यावसायिक शर्यतवीरही मागे ३२-३४ दाते आणि मध्यम केज लावू लागले आहेत. झालं! बापाने आणि काकांनी सांगितलेलं जे रुचलं नव्हतं, ते वीरांनी केल्यावर चाललं.

काकांनी मध्यम केजचा डिरेलर, नवी चेन आणि नवा हँगर बसवला. हँगर बदलता येतो, सायकलचा सांगाडा बदलता येत नाही. तो मोडावा म्हणूनच मऊ धातूचा करतात, हे त्यांनी काम करता करता सांगितलं. पुढच्या थंडीत मुलगा दोन मित्रांबरोबर पहाटे माजिवड्याहून निघाला. शहापूर मागे टाकून कसाऱ्याला पोचला, घाटाला लागला. दुपारी इगतपुरीहून त्याचा फोन आला. मी विचारलं, "किती वेळा उतरलास?"

"एकदाच. वडापाव खायला."

"आणि मित्र?"

"येतायत, पप्पा. चालत येतायत."

तो ३९ चा पुठ्ठा त्याने घरी आणला होता. गेल्या महिन्यात पाहिलं तर त्याच्या मागच्या बाजूला त्याने माझ्या सायकलचा हिशेब मांडून ठेवला होता. पुढे ४२ ते २४, मागे १४ ते २८. अठरा अधिक चौदा, बत्तीस. खाली लिहिलं होतं: लांब केज, चालेल.